उमेदवाराला पेटीची साथ

फ्रँकफर्ट, १८ सप्टेंबर २००५

दादा,

वाकून नमस्कार करायचा तर आधी तू पाय पुढे करायला हवेस, आणि ते तू वीस वर्षांत केलेले नाहीत. तेव्हा इथूनच, उभ्याने करतो. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू यमुनावहिनींना म्हणशील, आता याला काय हवं? काही नको. आम्हाला इथे येऊन आठ दिवस झाले. उत्कर्ष आणि सूनबाई निधी सकाळी आठला ऑफिसला जातात, नात ईप्सिता शाळेत जाते, कुंदा नव्या ओव्हनशी झटापट करत बसते, आणि माझ्याशी मराठीत भांडायला कुणी उरत नाही. काल कुंदा म्हणाली, अहो, भांडायचंच असेल तर सख्ख्या भावाशी भांडा, माझं डोकं खाऊ नका. म्हणून हे पत्र.

मी पेटी बरोबर आणली आहे. विमानतळावर कस्टमवाल्याने ती उघडायला लावली. मी भाता हलवून सा लावला, दोन हरकती घेतल्या, तर मागची रांग टाळ्या वाजवायला लागली. त्या माणसाने घाईघाईने हाताने दार दाखवलं. उत्कर्ष बाहेर उभा होता, त्याने माझ्या हातातली पेटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

त्याच्या कपाळाला हात लागण्याचं कारण असं. इथे दुपारी एक ते तीन घरात आवाज करायचा नाही. तसा नियम खाली जिन्यात काचेच्या चौकटीत लावलेला आहे, हाउसऑर्डनुंग म्हणतात त्याला. चिरंजीवांनी मला तो पहिल्याच दिवशी तीनदा वाचून दाखवला. चौथ्या दिवशी दुपारी दीड वाजता मी पेटी काढली. नियम मला कळला नव्हता असं नाही. मला तो पटला नव्हता.

दहा मिनिटांत घंटा वाजली. दारात माझ्याच वयाचा एक उंच म्हातारा. मागे वळवलेले पांढरे केस, गळ्यात लाल रुमाल, घरातल्या घरात चकाकते बूट. मी इंग्रजीत सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर त्याने ओठांवर बोट ठेवलं, आत आला, उत्कर्षच्या सोफ्यावर बसला आणि हाताने खूण केली, वाजव. मी तासभर वाजवलं. जाताना तो असा वाकला की कुंदाने नकळत डोक्यावरून पदर घेतला. दुसऱ्या दिवशी दीड वाजता केक घेऊन पुन्हा हजर.

संध्याकाळी मी उत्कर्षला विचारलं. तो म्हणाला, ते वरच्या मजल्यावरचे ऑरेलिओ पासेरिनी, इटालियन. एके काळी मोठे गायक होते, सिनेमातही कामं केली आहेत. आता इलेक्शनला उभे आहेत.

गायक, नट आणि इलेक्शन, तिन्ही शब्द एका दमात ऐकले आणि मला तू आठवलास. भांडायला कुणी नाही वगैरे सगळं नमनाला घडाभर तेल झालं. पत्राचं खरं कारण हे आहे.

लोक मला विचारतात, तुझं आणि जयंतचं काय बिनसलं? मी सांगतो, राजकारण. दादा, आमच्या नाटक मंडळीचा गाणारा नट, पंच्याऐंशी साली सांगलीच्या नगरपालिकेला उभा राहिला, एक्केचाळीस मतांनी पडला, मी त्याच्या प्रचारात मनापासून नव्हतो, म्हणून त्याने बोलणं टाकलं. ऐकणारा मान डोलावतो. राजकारणापायी भाऊ तुटतात हे कुणालाही पटतं.

उत्तराची अपेक्षा नाही. पत्ता मागे लिहिला आहे.

पद्माकर


२ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. चौदा दिवस म्हणजे परदेशी टपालाला काहीच नाही, असं मी कुंदाला सांगतो. ती म्हणते, मग रोज चार वेळा खाली पत्रपेटी कशाला उघडता.

तुला ऑरेलिओची गंमत सांगतो. त्याला जर्मन आणि इटालियन येतं, मला मराठी आणि बँकेपुरतं इंग्रजी. मग मधे कोण? ईप्सिता. ही आठ वर्षांची पोर मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. निधीने लाख प्रयत्न केले, पालथ्या घड्यावर पाणी. पण आता आजोबांना तिच्यावाचून गत्यंतर नाही हे कळल्यावर बाईसाहेब दुपारी शाळेतून येऊन आमच्या मधे खुर्ची टाकून बसतात आणि मराठी बोलतात. कशी, ते विचारू नकोस. परवा म्हणाली, "आजोबा, हा माणूस सिनेमात अकरा वेळा मेली." निधी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेली ते खरं आहे. बारी नावाच्या शहराजवळ याचा बाप न्हावी होता. बाप गिऱ्हाइकाच्या गालावर साबण फासायचा आणि पोराला म्हणायचा, गा, म्हणजे हा हलणार नाही. एकसष्ट साली, पंचविसाव्या वर्षी, हा गाडीत बसून इथे रबराच्या कारखान्यात कामाला आला. एका खोलीत सहा जण. रविवारी सगळे इटालियन मजूर मोठ्या रेल्वे स्टेशनात जमायचे, कारण घरी जाणारी गाडी तिथून सुटायची. जायचं कुणालाच नसायचं, नुसतं गाडीकडे बघायचं. तिथे हा गायचा. एका रेकॉर्डवाल्याने ऐकलं आणि उचलला.

मग दहा वर्षं याची चलती. तबकड्या निघाल्या, चौदा सिनेमे झाले. कधी होडीवाला, कधी हॉटेलातला वाढपी. नायिका याचं गाणं ऐकायची आणि लग्न दुसऱ्याशी करायची, आणि हा शेवटच्या रिळात मरायचा. तोवर याला जर्मन उत्तम यायला लागलं होतं, पण रेकॉर्डवाले म्हणायचे, मोडकंतोडकंच गा, लोकांना तेच गोड वाटतं. हे सांगताना तो पहिल्यांदाच हसला नाही.

बायको सहा वर्षांपूर्वी गेली. आणि गेल्या वर्षी हा कसल्याशा कागदासाठी एका कचेरीत गेला. समोरचा कारकून फॉर्म भरता भरता याचंच गाणं गुणगुणत होता. गुणगुणतच त्याने विचारलं, नाव काय? ऑरेलिओ म्हणतो, चव्वेचाळीस वर्षं या गावाला माझं गाणं पाठ आहे, पण माझं म्हणणं काय आहे हे एकालाही माहीत नाही. त्या दिवशी त्याने ठरवलं, आता उभं राहायचं.

मी विचारलं, पडलास तर? ईप्सिताने ते विचारायला जरा वेळ लावला. तो म्हणाला, पडलो तर मी पुन्हा तो होडीवाला. हे एकच काम त्याला मरायच्या आत करायचं आहे. मला तुझा तेव्हाचा चेहरा आठवत होता.

पद्माकर


१६ ऑक्टोबर

दादा,

मी प्रचारात उतरलो आहे. हसून घे.

आधी इलेक्शन कसलं ते सांगतो. इथल्या परदेशी रहिवाशांची एक सभा असते, आउसलेंडरबायराट. नगरपालिकेला सल्ला देते. तिला मत द्यायचा हक्क तुर्की, इटालियन, आपले, सगळ्या परदेशी लोकांना. पण शंभरातले दहासुद्धा मत द्यायला जात नाहीत. कुणी विचारलंच नाही तर कोण जाणार? सत्तावीस नोव्हेंबरला मतदान. ऑरेलिओची यादी म्हणजे तो, एक तुर्की बाई आणि आणखी पंधरावीस शेजारीपाजारी.

दर गुरुवारी आमच्या बोकेनहाइममध्ये बाजार भरतो. तिथे बटाटेवाल्याच्या शेजारी आमचं टेबल. ऑरेलिओ गातो, मी पेटीवर. त्याची गाणी मला चार दिवसांत बसली. सोपी आहेत रे, पण गोड. म्हाताऱ्या जर्मन बायका पिशव्या खाली ठेवून डोळे पुसतात. त्यांना मत नाही, पण त्या आपल्या तुर्की शेजारणीला ओढून आणतात. निधी पत्रकं वाटते. कुंदाने चकल्यांचा डबा टेबलावर ठेवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या गुरुवारी बटाटेवालाच विचारत आला, आज चकली नाही का.

घरात एक विरोधी पक्ष आहे. उत्कर्ष. त्याचं म्हणणं, बाबा, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेला माणूस परक्या देशात प्रचार करतो का? मी म्हटलं, मी प्रचार करत नाही, साथ करतो. तो म्हणाला, म्हणजे बघा, तुम्ही आयुष्यभर हेच म्हणत आलात, मी फक्त साथ करतो. असं म्हणून तो आपल्या खोलीत गेला. त्याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. पंच्याऐंशी साली तो बारा वर्षांचा होता, सभेत माझ्या मागेच बसला होता.

तुझ्या शेवटच्या सभेत, म्हणतोय मी. तिथेही साथीला मीच होतो. ते असो.

परवा ऑरेलिओने विचारलं, पेटीवर बोट ठेवण्याआधी तू माझ्या तोंडाकडे का बघतोस? मी सांगितलं, आमच्यात गाणाऱ्याने पट्टी सांगायची नसते. साथीदाराने ती ओळखायची, सूर द्यायचा, आणि गाणाऱ्याने डोळे मिटून त्यावर उभं राहायचं. ईप्सिताने ते सांगितल्यावर त्याने पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, फार विश्वासाचं काम आहे. मी विषय बदलला.

तुझी तब्येत कशी आहे? एवढं तरी कुणाकडून कळव.

पद्माकर


६ नोव्हेंबर

दादा,

दिवाळीच्या शुभेच्छा. तुझं उत्तर नाही, पण आज मी रागावू शकत नाही. काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

काल इथल्या मराठी मंडळींचं दिवाळी संमेलन होतं. एका सभागृहात दोनशे माणसं, शेव-चिवडा, पैठण्या, मुलांचे नाच. निधीने खटपट करून ऑरेलिओला दहा मिनिटं मिळवली. आदल्या दिवशी मी त्याला शहाणपण शिकवलं होतं. म्हटलं, आमचे प्रेक्षक फार जाणकार. मधेच कुणी "वन्स मोअर" म्हणालं तर तो हुकूम समजायचा. पुन्हा केलं नाही तर तो त्यांचा अपमान. मी गाण्याबद्दल बोलत होतो. पण तसं स्पष्ट सांगायचं राहून गेलं.

गाणं झालं. बऱ्या टाळ्या पडल्या. मग त्याने भाषण सुरू केलं, जर्मनमध्ये, निधी वाक्यावाक्याला मराठीत सांगत होती. तो म्हणाला, या शहराने मला सगळं दिलं, पण चव्वेचाळीस वर्षं एकच सांगितलं, हळू बोल. मी निवडून आलो तर दर वस्तीच्या सभागृहात एक खोली मागेन, जिथे कुठल्याही माणसाला आपल्या भाषेत मोठ्याने गाता येईल.

इतक्यात मागून एक खवचट आवाज आला. "वन्स मोअर!"

तुला सांगायला नको, भाषणात वन्स मोअर म्हणजे काय. आता बस खाली, असा त्याचा अर्थ. पुण्याचा माणूस जर्मनीत आला म्हणून खवचटपणा विमानतळावर ठेवून येत नाही. लोक फिदीफिदी हसले. निधी लाल झाली. मी पेटीत तोंड घातलं.

आणि ऑरेलिओचा चेहरा उजळला. त्याने छातीवर हात ठेवून वाकून आभार मानले. कोट नीट केला, विंगेत गेला, पुन्हा बाहेर आला, आणि नमस्कारापासून अख्खं भाषण पुन्हा केलं. तोच हात, तीच मान, त्याच जागी तोच श्वास. चौदा सिनेमे उगाच नाही केलेले. हसणं थांबलं. भाषण संपल्यावर टाळ्या पडल्या आणि तिसऱ्या रांगेतून, या वेळी मनापासून, पुन्हा वन्स मोअर. तो पुन्हा विंगेत. तिसऱ्या खेपेला मी खालून हलकेच सूर धरला आणि ते खोलीचं वाक्य दोनशे माणसं त्याच्याबरोबर म्हणाली. जर्मनमध्ये. शेवटी पहिला खवचट गृहस्थ स्टेजजवळ आला. दत्तात्रय नाव, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने ऑरेलिओचा हात हातात घेतला आणि सांगितलं, माझ्या घरची चार मतं तुमची.

घरी येताना ट्राममध्ये आम्ही इतके हसलो की लोक वळून बघायला लागले. ऑरेलिओला खरा अर्थ अजून कुणी सांगितलेला नाही. सांगायचाही नाही असं आमचं ठरलं आहे. आता तो दुसऱ्या सभांत भाषण संपलं की स्वतःच विचारतो, वन्स मोअर? तुर्की लोकही हो म्हणतात.

त्याच्यावर लोक हसले तेव्हा मी पेटीत तोंड घातलं ते तुझ्या आठवणीने, दादा. तुझ्यावर हसले होते तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्याबद्दल लिहीन म्हणतो आणि लिहीत नाही.

पद्माकर


२० नोव्हेंबर

दादा,

हे पत्र एकट्याने वाच. मग हवं तर वहिनींना दाखव.

काल दुपारी ऑरेलिओची शेवटची सभा झाली. साडेतीनशे लोक, उभं राहायला जागा नाही. शेवटी लोकांनी त्याचं ते जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं मागितलं. रेकॉर्डवर ते आपल्या हिशोबाने पांढरी पाचमध्ये आहे. तिशीतला आवाज होता तो. आता एकोणसत्तर वर्षांचा माणूस, दोन महिने बाजारात ओरडून घसा बसलेला, आणि शेवटी ती उंच जागा. सकाळी मी सुचवून पाहिलं होतं, थोडं खाली घेऊ या. तो म्हणाला, नाइन, अजिबात नाही. लोकांना ते गाणं ऐकायचं आहे, तर तेच ऐकवणार.

तो माईकसमोर उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पांढरी चार दिली. एक सूर खाली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. तो क्षणभर थांबला, मग डोळे मिटले आणि गायला. शेवटच्या जागेवर आवाज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

नंतर आत मी पेटी बंद करत होतो, तेव्हा तो आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. ईप्सिताने सांगितलं, "ते म्हणतात, तू खाली दिलं ते मला पहिल्या सुरालाच कळलं. गाणाऱ्याला नेहमी कळतं. थँक यू म्हणतात."

दादा, मी तिथेच खुर्चीवर बसलो. ईप्सिताने विचारलं, आजोबा, रडतोस का? मी म्हटलं, नाही गं, घाम.

आता ऐक. पंच्याऐंशीच्या शेवटच्या सभेत, गणपतीच्या देवळापुढच्या पटांगणात, लोकांनी गाण्यासाठी आरडाओरडा केला. तू असंच माझ्याकडे पाहिलंस. तुझी पट्टी काळी दोन. बावीस वर्षं मी तुला काळी दोन देत होतो, झोपेतून उठवलं असतं तरी तीच दिली असती. त्या दिवशी मी पांढरी चार दिली. एक सूर वर. माझं बोट घसरलं नव्हतं. मी ठरवून दिली.

आदल्या आठवड्यात तू सगळ्यांसमोर सांगितलंस, निवडून आलो की आपली नाटक मंडळी बंद. मला विचारलंही नाहीस. मी दिवसभर बँकेत मान मोडत होतो ती संध्याकाळी तुझ्यामागे बसायला मिळतं म्हणून. तू नगरसेवक होणार, आणि मी कुणाच्या मागे बसणार होतो? मला वाटलं, एकदा हसं होऊ दे, पडू दे याला, मुकाट्याने स्टेजवर परत येईल. वरच्या जागेवर तुझा आवाज फाटला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तू गाणं पुरं केलंस, हात जोडलेस आणि उतरलास. एक्केचाळीस मतांनी पडलास. परत तर आला नाहीसच, त्यानंतर तुला कुणी स्टेजवर गाताना ऐकलं नाही.

वीस वर्षं मी स्वतःची अशी समजूत घातली की तुला काही कळलं नाही. तुला वाटलं, आपला आवाजच गेला. राजकारणावरून रागावलास. तेच मी लोकांना सांगत आलो. काल ऑरेलिओने माझ्या डोळ्यांवरचा तो पडदा एका वाक्यात ओढून काढला. मी खालचा सूर दिलेला याला कळतो, तर तुला वरचा दिलेला कळला नसेल? माझ्या अर्ध्या जन्माच्या गाणाऱ्याला?

मी वाईट वागलो, दादा. तुझं इलेक्शन घालवलं, तुझं गाणं घालवलं, आणि वर गप्प बसलो. मला माफ कर असं म्हणायची लाज वाटते, पण दुसरा शब्द येत नाही. माफ कर.

उत्कर्षला मी हे काल सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मला माहीत होतं, मी तुमच्या बोटांकडे बघत होतो. मग तो उठला आणि माझ्यासाठी चहा करून आणला.

सात डिसेंबरला आमचं विमान आहे. मुंबईहून थेट सांगलीला यावं की पुण्यात घरी उतरावं, हे तुझ्या हातात आहे.

पद्माकर


२८ नोव्हेंबर

दादा,

ऑरेलिओ निवडून आला.

इथे एक माणूस एकाच उमेदवाराला तीन मतं देऊ शकतो. निधीने अख्ख्या मराठी वस्तीला फोन करून घोकवलं होतं, तीन, तीन, तीन. यादीत तो मुद्दाम शेवटून तिसरा बसला होता, म्हणे म्हाताऱ्याने दार अडवून बसू नये. लोकांनी त्याला उचलून पहिला केला. उत्कर्ष सकाळी आठला, केंद्र उघडताच मत देऊन आला आणि घरात कुणाला बोलला नाही. कुंदाने त्याच्या कोटाच्या खिशात पत्रक पाहिलं, पासेरिनीच्या नावापुढे पेन्सिलीने तीन खुणा.

आज संध्याकाळी जिन्यात सगळी बिल्डिंग जमली. तळमजल्यावरच्या जर्मन बाई, ज्यांनी ती हाउसऑर्डनुंग चौकटीत लावली, त्या स्वतः बाटली घेऊन आल्या. ऑरेलिओ पायरीवर उभा राहून दोन वाक्यं बोलला आणि गळ्यातला लाल रुमाल काढून डोळे पुसायला लागला. पुढे बोलवेना. तेवढ्यात मागून उत्कर्षने, माझ्या त्या नियमवाल्या मुलाने, बेंबीच्या देठापासून आवाज दिला, वन्स मोअर. मग काय विचारतोस. बाईंनी चौकटीकडे पाठ केली आणि आम्ही दोघांनी जिन्यातच सुरू केलं. कुंदा आणि ईप्सिता पायऱ्यांवर फुगडी घालत होत्या. मला इतका आनंद कुठल्याही नाटकाच्या शेवटी झालेला नाही.

नंतर घरात आलो आणि वाटलं, हे सगळं मी तुझ्या वेळी तुला देऊ शकलो असतो.

उत्तराची अपेक्षा नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी रोज वाट बघतो आहे.

पद्माकर


सांगली, २९ नोव्हेंबर २००५

पद्या,

तुझं वीस तारखेचं पत्र आज मिळालं. लगेच लिहितो आहे, नाहीतर तू पुण्यात उतरशील.

मला कळलं होतं. तू भाता दाबलास तेव्हाच कळलं. मी मान वळवून नुसतं "खाली घे" म्हणालो असतो तरी काम झालं असतं. पण मग दोन हजार माणसांसमोर माझा भाऊ चुकला असं झालं असतं. माझ्या साथीला बसलेला माणूस चुकला असं मी जन्मात कधी दाखवलं नाही, तुला ठाऊक आहे. तू दिलास तो सूर घेतला. आवाज फाटला तर फाटला.

तू माझं इलेक्शन घालवलंस हा भ्रम सोड. इतकी तुझी बोटं मोठी नाहीत. त्या दिवशी मी गटारांवर सव्वा तास बोललो होतो. लोक कंटाळून निम्मे घरी गेले होते, आणि राहिलेल्यांपैकी एक्केचाळीस जणांना मी आवडलो नाही. माझ्यात निवडून येण्यासारखं काही नव्हतंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझ्या त्या इटालियनाचं दहा मिनिटांचं भाषण मी यमुनेला तीनदा वाचून दाखवलं. असं बोलायला हवं होतं. तो आला की पडला ते कळव.

मंडळी बंद करतो म्हणताना तुला विचारलं नाही, ही चूक माझी. ती मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे.

गाणंही मी सोडलेलं नाही. रोज सकाळी नळाला पाणी येईपर्यंत गातो. शेजारी त्यावर घड्याळं लावतात. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू कुणाला विचारलं नाहीस.

मी रागावलो तो सुरासाठी नव्हे. मला वाटलं, उद्या सकाळी पद्या येईल आणि सांगेल. मी यमुनेला चहा दोघांचा टाकायला सांगितला होता. तू आला नाहीस. मग मीही हट्टाला पेटलो.

थेट सांगलीला ये. कुंदाला आण, पेटी आण. मी हल्ली पांढरी एकच्या वर जात नाही. चुकून वर दिलास, तर या खेपेला सगळ्या गल्लीसमोर तुझा कान धरीन.

दादा